ऊर्जावान कण, आल्फवेन लाटा आणि त्यांचं सिम्युलेशन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर रविवारी सकाळी नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका वर्गात आमचा फ्युजनचा, म्हणजे हलकी अणुकेंद्रकं जोडून ऊर्जा मिळवण्याच्या विषयाचा, अभ्यासगट जमतो. बीएस्सी-एमएस्सीची मुलं, दोन-तीन इंजिनीअर आणि कधीमधी मुलांबरोबर आलेले पालक. मी भौतिकशास्त्र शिकवते आणि गेली काही वर्षं टोकामॅकमधल्या लाटांच्या सिम्युलेशनवर काम करते. टोकामॅक म्हणजे प्लाझ्मा, अर्थात विद्युतभारित कणांचा अतितप्त वायू, चुंबकीय क्षेत्रानं कोंडून ठेवणारं कड्याच्या आकाराचं यंत्र. दर खेपेला नवी माणसं येतात आणि बरेचसे प्रश्न तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

"ऊर्जावान कण" म्हणजे नक्की कोण? प्लाझ्मातले सगळेच कण ऊर्जावान नसतात का?

असतात, पण एक जमात बाकीच्यांपेक्षा कितीतरी पुढे असते. ड्युटेरियम आणि ट्रिटियमची केंद्रकं एकत्र आली की १७.६ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा सुटते. त्यातले १४.१ न्यूट्रॉन घेऊन जातो. त्याला विद्युतभार नाही, त्यामुळे चुंबकीय क्षेत्र त्याला अडवत नाही आणि तो सरळ भिंतीत शिरतो. उरलेले ३.५ अल्फा कणाकडे, म्हणजे हेलियमच्या केंद्रकाकडे जातात. तो भारित असल्यामुळे क्षेत्ररेषेभोवती गिरक्या घेत आतच राहतो.

भोवतालचा प्लाझ्मा साधारण १५ कोटी अंश सेल्सिअसवर असतो. तेवढ्या तापमानाला कणाची सरासरी ऊर्जा सुमारे २० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट भरते. म्हणजे नुकता जन्मलेला अल्फा कण आजूबाजूच्या कणांपेक्षा दीडशे-पावणेदोनशे पट तापलेला असतो. धक्के खात खात त्यानं ही ऊर्जा प्लाझ्माला द्यावी आणि चूल स्वतःच्याच निखाऱ्यांवर धगधगत राहावी, ही सगळी योजना आहे. फ्रान्समध्ये कादाराशला उभ्या राहत असलेल्या इटर या यंत्राचं उद्दिष्ट ५०० मेगावॅट फ्युजन-शक्तीचं आहे. त्यातली १०० मेगावॅट अल्फा कणांकडून प्लाझ्मात यायची, बाहेरून द्यायची ती फक्त ५०.

अल्फाखेरीज आणखीही ऊर्जावान कण असतात. प्लाझ्मा तापवायला आपण बाहेरून उदासीन कणांचा झोत सोडतो (इटरमध्ये तो १ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचा असेल) किंवा रेडिओ लहरी. त्यांतूनही अशी वेगवान मंडळी तयार होतात.

हे कण लाटा उठवतात तरी कसे?

चुंबकीय क्षेत्ररेषा ताणलेल्या तारेसारखी वागते आणि तिला चिकटलेला प्लाझ्मा त्या तारेला वजन देतो. अशी तार छेडली की तिच्यावरून लाट धावते. हान्नेस आल्फवेन यांनी १९४२ मध्ये हे भाकीत केलं आणि १९७० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. लाटेचा वेग काढायला क्षेत्राच्या तीव्रतेला घनतेच्या वर्गमुळानं भागायचं. इटरचे आकडे घातले, म्हणजे ५.३ टेस्ला आणि घनमीटरला १०^२० आयन (प्लाझ्मातली भारित केंद्रकं), की वेग सेकंदाला सुमारे ७३ लाख मीटर येतो. ३.५ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचा अल्फा कण सेकंदाला १ कोटी ३० लाख मीटर धावतो.

दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. अल्फा कण लाटेपेक्षा जोरात जन्मतो आणि हळूहळू मंदावतो. तेव्हा वाटेत कधीतरी त्याचा वेग लाटेच्या वेगाशी जुळणारच. नागपंचमीच्या झोक्याला योग्य क्षणी दिलेला हलकासा धक्काही पुरतो, तसंच इथे घडतं. कण आणि लाट पावलाला पाऊल मिळवून चालू लागले की देवाणघेवाण सुरू होते. यालाच अनुनाद म्हणतात.

पण देवाणघेवाणीत काही कण लाटेला ऊर्जा देतात तर काही तिच्याकडून घेतात. मग निव्वळ फायदा लाटेलाच का? याचं उत्तर मला या विषयातलं सर्वांत सुंदर उत्तर वाटतं. एकाच वारंवारतेच्या लाटेबरोबर चालताना कणाची ऊर्जा आणि त्याचा वर्तुळाकार दिशेतला संवेग हे दोघं एका दोरीनं बांधलेले असतात. लाट योग्य दिशेनं फिरत असेल तर ऊर्जा घटली की कण बाहेरच्या बाजूला सरकतो, ऊर्जा वाढली की आत. अल्फा कण गाभ्यात दाट असतात आणि कडेला विरळ, म्हणून आतून बाहेर जाणारे जास्त भरतात आणि बेरीज लाटेच्या बाजूनं झुकते. म्हणजे लाटेची प्रत्येक कमाई ही आपल्या इंधनाच्या धगीतून गेलेली असते. हा हिशेब लक्षात ठेवा, पुढे त्यानंच मला एकदा वाचवलं आहे.

"टीएई" हा शब्द सारखा कानावर पडतो. तो काय प्रकार आहे?

टोरॉयडल आल्फवेन आयगेनमोड, म्हणजे कड्याच्या आकारामुळे एका ठरावीक वारंवारतेवर टिकून राहणारी आल्फवेन लाट. नाशिक ढोल ऐकत मोठे झालेल्यांना हे समजायला सोपं जावं. मिरवणुकीत पथकाच्या पन्नास रांगा आहेत आणि प्रत्येक रांगेची लय मागच्या रांगेपेक्षा किंचित वेगळी आहे, असं समजा. पहिला ठोका सगळ्यांचा एकत्र पडेल. पण मिनिटाभरात ताल विस्कटून नुसता गलका उरेल. साध्या आल्फवेन लाटेचं असंच होतं. प्लाझ्माच्या दर थरात घनता वेगळी, क्षेत्राचा पीळ वेगळा, त्यामुळे वारंवारताही वेगळी. लाट उठते आणि शेजारच्या थरांशी ताल चुकल्यामुळे लगेच मरते.

पण टोकामॅक गोल कड्यासारखा असतो. कड्याच्या आतल्या बाजूला क्षेत्र जास्त, बाहेरच्या बाजूला कमी. क्षेत्ररेषेवरून जाणाऱ्या लाटेला ठरावीक अंतरानं जोर-मंद, जोर-मंद असा रस्ता लागतो. अशा नियतकालिक रस्त्यावर काही वारंवारतांना वाटच मिळत नाही. स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेत जशी फट पडते, तशीच ही. त्या फटीत बसलेली लाट कुठल्याच थराच्या लयीशी जुळत नाही, म्हणून विस्कटतही नाही. सगळं पथक एकच ठोका धरतं. १९८५ मध्ये चेंग, चेन आणि चान्स यांनी गणितानं ही लाट दाखवली आणि १९९१ मध्ये अमेरिकेतल्या टीएफटीआर आणि डीथ्रीडी या यंत्रांवर वेगवान आयनांनी ती प्रत्यक्षात उठवलेली दिसली.

लाट उठली तर उठली, बिघडतं काय?

१९८३ मध्ये प्रिन्स्टनच्या पीडीएक्स यंत्रावर झोताची शक्ती वाढवूनही प्लाझ्मा अपेक्षेइतका तापेना. भिंतीजवळच्या चुंबकीय वेटोळ्यांच्या नोंदीत ठरावीक वेळानं कंपनांचे झटके दिसत होते. प्रत्येक झटका आधी फुगणारा, मग आवळणारा. कागदावर तो माशाच्या सांगाड्यासारखा दिसे, म्हणून नाव पडलं फिशबोन. प्रत्येक झटक्यासरशी झोताचे आयन बाहेर फेकले जात होते.

त्यामुळे दोन नुकसानं होतात. एक, चूल थंडावते. दुसरं जास्त काळजीचं आहे. बाहेर फेकलेले कण भिंतीवर सगळीकडे सारखे पडत नाहीत. एखाद्या छोट्या जागी जमून आदळले तर तिथलं अस्तर खराब होतं. इटरसारख्या यंत्रात तो तुकडा बदलणं म्हणजे मोठं आणि वेळखाऊ काम.

एक गोष्ट मात्र न्यायानं सांगायला हवी. प्रत्येक लाट वाईट नसते. खूप छोटी लाट कणांना इकडेतिकडे हलवते आणि विरते. शिवाय या लाटांची वारंवारता घनता आणि क्षेत्राचा पीळ यांवर अवलंबून असल्यामुळे ती मोजून प्लाझ्माच्या आतली माहिती काढता येते. त्याचा चांगला उपयोग होतो.

कम्प्युटरवर तुम्ही नेमकं काय सोडवता?

मोठी अडचण काळाच्या मापांची आहे. इटरच्या क्षेत्रात अल्फा कण सेकंदाला ४ कोटींहून जास्त गिरक्या घेतो. लाट सेकंदाला काही दहा हजार ते लाखभर वेळा डोलते. आणि अल्फा कण मंदावायला सेकंदाच्या काही दशांशापासून पूर्ण सेकंदापर्यंत वेळ लागतो. प्रत्येक गिरकी मोजत बसलो तर आयुष्य पुरणार नाही.

म्हणून पहिली युक्ती अशी, की गिरकीचा मध्यबिंदू घ्यायचा आणि फक्त त्याचा प्रवास मोजायचा. अल्फाची गिरकी जास्तीत जास्त ५ सेंटिमीटरची आणि यंत्राची मोठी त्रिज्या (कड्याच्या केंद्रापासून नळीच्या मध्यापर्यंत) ६.२ मीटर, त्यामुळे हे चालतं. गिरकीभरात कणाला जाणवलेल्या क्षेत्राची सरासरी घेतली की त्याला जायरोकायनेटिक पद्धत म्हणतात. जीटीसी आणि ऑर्ब५ हे कोड त्या घराण्यातले.

दुसरा रस्ता संमिश्र. मुख्य प्लाझ्माला द्रव समजून त्याला द्रवाची समीकरणं लावायची आणि फक्त ऊर्जावान कण एकेक करून चालवायचे. जपानचा मेगा आणि अमेरिकेचा एम३डी-के हे असे कोड. खर्च कमी येतो, पण मुख्य प्लाझ्मातले आयन लाटेची जी ऊर्जा पितात, म्हणजे लांडाऊ मंदन, ते आपोआप येत नाही. ते वेगळं घालावं लागतं आणि घालायचं राहून गेलं तर लाट उगाचच बलवान दिसते. मला विचाराल तर नवख्यानं कोड निवडताना सर्वांत आधी हेच विचारावं, की यात काय गाळलं आहे?

कण चालवतानाही एक युक्ती आहे. संगणकात खऱ्याइतके कण मावत नाहीत, काही कोटी प्रतिनिधी घ्यावे लागतात आणि त्यांच्या मोजणीतून गोंगाट येतो. कणांची संख्या चौपट केली तर गोंगाट फक्त निम्मा होतो. म्हणून पूर्ण वितरण न मोजता समतोलापासून ते किती ढळलं, एवढंच प्रत्येक कणाच्या खांद्यावर ठेवायचं. याला डेल्टा-एफ म्हणतात. छोट्या लाटेच्या सुरुवातीच्या वाढीसाठी ही पद्धत अतिशय कामाची आहे.

एखादं उदाहरण आकड्यांसकट दाखवाल का?

दाखवते, कागद-पेन घ्या. या क्षेत्रात जगभरचे कोड एकमेकांशी ताडून बघायला एक ठरलेलं उदाहरण वापरतात. मोठी त्रिज्या १० मीटर, छोटी, म्हणजे नळीची, १ मीटर, क्षेत्र ३ टेस्ला, हायड्रोजनचा प्लाझ्मा, घनमीटरला २×१०^१९ कण. क्षेत्राचा पीळ सांगणारी संख्या क्यू ही गाभ्यात १.७१ आणि कडेला १.८७, मध्ये त्रिज्येच्या वर्गाप्रमाणे वाढणारी.

आधी जागा शोधू. लाट मोठ्या वर्तुळात ६ वेळा डोलते आणि छोट्या वर्तुळात १० आणि ११ वेळा डोलणाऱ्या दोन लाटा तिथे जुळतात. त्या जुळतात तिथे क्यू असतो १०.५ भागिले ६, म्हणजे १.७५. आता १.७१ मध्ये ०.१६ गुणिले अर्ध्याचा वर्ग, म्हणजे ०.०४ मिळवा. बरोबर १.७५. म्हणजे लाट छोट्या त्रिज्येच्या बरोब्बर मध्यावर बसणार.

आता वारंवारता. आल्फवेन वेग येतो सेकंदाला १ कोटी ४६ लाख मीटर. त्याला दोन गुणिले क्यू गुणिले मोठी त्रिज्या, म्हणजे ३५ मीटरनं भागा. ४ लाख १८ हजार रेडियन. हर्ट्झमध्ये साधारण ६६ हजार, म्हणजे एका डोलण्याला १५ मायक्रोसेकंद. हे सगळं आपण कोड न चालवता काढलं. कोडनं याच्या जवळपास उत्तर दिलं नाही तर चूक कोडमध्ये शोधायची.

यात ऊर्जावान कण ड्युटेरियमचे असतात, नेहमीचं तापमान ४०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. तेवढ्या ऊर्जेच्या कणाचा वेग सेकंदाला ६२ लाख मीटर भरतो, लाटेच्या निम्म्याहूनही कमी. एका विद्यार्थिनीनं इथे मला थांबवलं होतं : "मॅडम, मग अनुनाद होतोच कसा?" फार चांगला प्रश्न. कड्याच्या आकारामुळे कण क्षेत्ररेषेवर टिकत नाही, थोडा खालीवर वाहतो आणि त्यामुळे लाटेच्या वेगाच्या एक तृतीयांशावरही अनुनादाची दुसरी जागा तयार होते. १ कोटी ४६ लाखांचा तिसरा हिस्सा साधारण ४९ लाख. ती जागा या कणांच्या आवाक्यात येते.

सिम्युलेशनचं उत्तर बरोबर आहे हे कशावरून?

रंगीत चित्रावरून तर मुळीच नाही. चुकीच्या सिम्युलेशनचं चित्रही तितकंच देखणं येतं.

माझा अनुभव सांगते. वर दिलेलंच उदाहरण मी पहिल्यांदा चालवलं तेव्हा लाट वाढण्याऐवजी मरत होती. वारंवारता बरोबर, जागा बरोबर, आकार बरोबर, आणि तरी आलेख खाली. मी कणांची संख्या वाढवली, वेळेचा टप्पा निम्मा केला, जाळी बारीक केली. दोन आठवडे गेले. शेवटी चित्रं बाजूला ठेवून ऊर्जेचा हिशेब मांडला, तेव्हा दिसलं की ऊर्जावान कण ऊर्जा घेत होते आणि तरी बाहेर सरकत होते. त्याबरोबर लख्ख कळलं. मी लाट उलट दिशेनं फिरवत होते. क्षेत्राच्या पिळाची दिशा आणि लाटेच्या आकड्याचं चिन्ह यांचा मेळ चुकला होता. ६ च्या जागी उणे ६ टाकलं आणि लॉग आलेखावरची रेघ सरळ वर निघाली. मी स्क्रीनवर पट्टी ठेवून तिचा चढ मोजला होता.

तेव्हापासून आमच्या गटात नियम आहे. वाढीचा दर दोन स्वतंत्र वाटांनी काढायचा : एकदा आलेखाच्या चढावरून आणि एकदा कणांनी लाटेला दिलेल्या शक्तीवरून. मंदन वजा करून उरलेली शक्ती ही लाटेची ऊर्जा गुणिले दराची दुप्पट असायला हवी. दोन्ही जुळले तरच पुढे जायचं.

आणि प्रयोगाशी कसं ताडून बघता?

गोदावरीला पूर आला की नाशिककर विचारतो, पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं? कमरेला की छातीला? रामकुंडाजवळच्या त्या एका मूर्तीवरून सगळं शहर पुराचा अंदाज बांधतं. पण मूर्ती उभी आहे तिथलंच पाणी ती सांगते. वरच्या अंगाला काय चाललंय ते तिच्यावरून ताडावं लागतं.

टोकामॅकच्या भिंतीजवळची मिरनॉव्ह वेटोळी तशीच असतात. लाट खोल आत असते आणि वेटोळ्याला कडेपर्यंत पोचलेली तिची थरथर तेवढी कळते. म्हणून आतल्या लाटेची उंची थेट वेटोळ्याच्या आकड्याशी ताडणं चूक आहे. आम्ही सिम्युलेशनमध्येच त्याच जागी तसंच खोटं वेटोळं बसवतो, त्यात काय नोंदलं गेलं असतं ते काढतो आणि मग दोन नोंदी शेजारी ठेवतो. सुटलेल्या कणांच्या शोधकांसाठीही हेच. हे काम वेळ खातं, पण ते टाळून काढलेल्या निष्कर्षावर मी विश्वास ठेवत नाही.

टीएफटीआरवरचा १९९७ चा प्रयोग इथे आठवतो. अल्फा कणांनी उठवलेली टीएई झोत चालू असताना दिसली नाही, कारण झोताचे आयनच तिला दाबत होते. झोत बंद केल्यावर सेकंदाचा दहावा-पाचवा हिस्सा उलटला, झोताचे आयन मंदावले, अल्फा अजून जोरात होते, आणि त्या छोट्या खिडकीत लाट दिसली. देणारे आणि पिणारे, दोघांचाही हिशेब केला तरच ती खिडकी सापडते.

लाट वाढतच का जात नाही?

लाट मोठी झाली की अनुनादातले कण तिच्या खळग्यात अडकतात आणि मागेपुढे झुलू लागतात. ऊर्जा दिलेला कण थोड्या वेळानं ती परत मागतो. अडकलेल्या कणांच्या झुलण्याचा वेग लाटेच्या वाढीच्या दराच्या साधारण तिप्पट झाला की वाढ थांबते. झुलण्याचा वेग उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो, त्यामुळे वाढीचा दर दुप्पट असेल तर लाट चौपट उंचीवर जाऊन थांबते.

मंदन जोरदार असेल तर आणखी वेगळं घडतं. कणांच्या वितरणात एक खड्डा आणि एक ढिगारा तयार होतो, ते विरुद्ध दिशांना सरकतात आणि लाटेची वारंवारता त्यांच्यामागून ओढली जाते. बर्क आणि ब्राइझमन यांच्या सिद्धांतानुसार ही सरक काळाच्या वर्गमुळाप्रमाणे होते. अनेक यंत्रांवर अशा सरकत्या शिट्ट्या नोंदल्या गेल्या आहेत.

घरच्या लॅपटॉपवर यातलं काही करता येईल?

येईल, आणि करावंच. एकाच मितीत इलेक्ट्रॉन घ्या, त्यांच्या वेगाच्या वितरणात वरच्या टोकाला छोटासा उंचवटा ठेवा, वर वाढवायची ती एकच लाट. काही लाख कण, पायथॉनमध्ये शे-दोनशे ओळी. उंचवट्याच्या चढणीवर लाट वाढते, उतरणीवर मरते, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मग उंचवटा निम्मा करून अंतिम उंची चौथाई होते का ते तपासा. टोकामॅकचा कड्यासारखा आकार यात नाही, पण गाभा हाच आहे. मधेमधे डेटा साठवायला विसरू नका. पावसाळ्यात वीज गेली की रात्रभराचं गणित जातं.

पूर्ण टोकामॅकसाठी?

त्याला क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडलेल्या संगणकांचा ताफा, लागतो. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत अंत्या नावाचा क्लस्टर आहे. भाषा बहुतेक फोर्ट्रान, हल्ली जीपीयूसाठी, म्हणजे ग्राफिक्सच्या वेगवान चिपसाठी, बदललेली.

एआय हे सगळं सोपं करणार नाही का?

एकाच प्रकारची हजारो गणितं पटकन अंदाजानं उरकायला त्याचा उपयोग होतोय. पण ते शिकणार आम्ही चालवलेल्या सिम्युलेशनवरूनच. तिथे चिन्ह चुकलं असेल तर तेही चुकीचंच शिकेल.

लाट भडकली तर स्फोट होईल का?

नाही. इटरच्या ८४० घनमीटर प्लाझ्मात एका वेळी अर्ध्या ग्रॅमहून कमी इंधन असेल. गडबड झाली तर प्लाझ्मा थंड पडतो. भिंतीचं नुकसान होऊ शकतं, शहराचं नाही.

नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्राची जागा हे कधी घेणार?

हा प्रश्न पालक विचारतात. इटरचे ५०० मेगावॅट उष्णतेचे आहेत, तिथून वीज काढायची योजनाच नाही. ते प्रयोगाचं यंत्र आहे. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या वेळापत्रकात ड्युटेरियम-ट्रिटियमचे प्रयोग २०३९ मध्ये धरले आहेत. त्यानंतर वीज देणारी यंत्रं. मुलांना मी तारीख सांगत नाही, काम सांगते.

भारताचा यात वाटा किती?

चांगला आहे. आदित्य टोकामॅक १९८९ पासून, एसएसटी-१ हा दुसरा टोकामॅक नंतर. २००५ मध्ये आपण इटरमध्ये सामील झालो. इटरला बाहेरून झाकणारं साधारण २९ मीटर उंच आणि तेवढंच रुंद क्रायोस्टॅट, म्हणजे आतला थंडावा टिकवणारं भलंमोठं पात्र, आपलं आहे. त्याचे भाग गुजरातेत हजिऱ्याला बनले.

आज न सुटलेला प्रश्न कोणता? विद्यार्थ्यानं कुठे लक्ष द्यावं?

आजच्या छोट्या यंत्रांत एका वेळी थोड्याच लाटा असतात. इटरमध्ये कणांच्या कक्षा यंत्राच्या मानानं लहान, त्यामुळे मोठ्या वर्तुळात साधारण १० ते ३० वेळा डोलणाऱ्या कितीतरी लाटा एकाच वेळी उठायची शक्यता आहे. एकट्या लाटेनं सरकवलेला कण तिच्या खळग्यापुरताच हलतो. पण दोन लाटांचे खळगे एकमेकांना टेकले की कण एकीवरून दुसरीवर उडी मारतो आणि पायऱ्या उतरत थेट कडेला येऊ शकतो. ते खळगे टेकतील की नाही, हे प्रत्येक लाटेच्या अंतिम उंचीवर अवलंबून आहे, आणि ती उंची मंदनाच्या अचूक आकड्यावर. शिवाय अल्फा सतत जन्मत आणि मंदावत असतात, त्यामुळे गणित काही मिलिसेकंद चालवून भागत नाही, ते मंदावण्याच्या पूर्ण काळापर्यंत न्यावं लागतं.

आमच्या गटात सध्या दोन मुली वरचंच उदाहरण दोन लाटांसह चालवत आहेत, उणे ५ आणि उणे ६. खळगे अजून टेकलेले नाहीत. येत्या रविवारी त्या ऊर्जावान कणांची घनता दीडपट करून बघणार आहेत. यायचं असेल तर सकाळी दहाला या, लॅपटॉप आणा.